ह्लेकीवेची गुरं आणि माझा नवरा

ह्लेकीवेच्या मयताला जे पुरुष बोलायला उभे राहिले, त्यांच्या जिभा झडल्या कशा नाहीत याचं मला अजून नवल वाटतं. एक म्हणाला, "ती आमच्या गावाची आई होती." दुसरा म्हणाला, "तिनं आपली जुनी गुरं राखली." कुणापासून राखली, ते मात्र कुणी बोललं नाही. मी खांद्यावरची चादर आवळून गप्प बसले, कारण मयताच्या दारात भांडू नये. आता तिची माती वाळली आहे, म्हणून बोलते.

ती माझी थोरली जाऊ. आमच्या सासरी, मायेनींच्या घरात, ती माझ्या कितीतरी आधी आली. तिचं माहेर वर लेबोंबो डोंगरावर, न्यावोंचं, म्हणून सगळे तिला मा-न्यावो म्हणायचे. ह्लेकीवे म्हणजे जिला हसले ती. बापाला ओळीनं मुलीच झाल्या, शेजारी हसले, आणि त्यानं रागानं या मुलीचं नाव तसं ठेवलं. आमच्याकडे माणसं आपला राग नावात ठेवून देतात आणि पोर तो जन्मभर वागवतं. हिनं तर चांगलाच वागवला.

तिलाही चार मुलीच झाल्या. पुन्हा लोक हसले. पण मुलीच्या लग्नात बापाला गुरं मिळतात, तशी एक गाय खास आईसाठीही येते. ती इंगकुथू. तिच्यावर नवऱ्याचा हक्क नाही, दिराचा नाही, कुणाचाच नाही. बऱ्याच बायका ती कापून लग्नाचं जेवण घालतात, नाहीतर नवऱ्याच्या कळपात सोडतात आणि विसरून जातात. ह्लेकीवेनं प्रत्येक जावयाला आधीच बजावलं, "गाय मी निवडणार. तुझ्या बापानं निवडलेली आणलीस तर दारातूनच परत पाठवीन."

आणि खरंच जावयांच्या गावी जाऊन दिवसभर गुरांमागे हिंडायची. कुणी मोठी, तुकतुकीत गाय पुढे केली की विचारायची, "ही शेवटची कधी व्याली?" तो माणूस अडखळला की पुढे चालू पडायची. तिला लहानखुरी, पातळ केसांची, डोंगर चढणारी जुनी गाय हवी असायची. दरसाल विणारी, कुणाचा हात न लागता विणारी. कानात आणि शेपटीखाली बोटं घालून गोचीड चाचपायची. आमच्या जुन्या गुरांना गोचीड फार धरत नाही. माशी जरी बसली तरी सगळी कातडी थरथरते.

सुनेनं सासऱ्याच्या गुरांच्या वाड्यातून चालायचं नाही, ही रीत तिनं मोडली नाही. आपल्या झोपडीच्या खालच्या अंगाला काटेरी फांद्या रोवून तिनं स्वतःचा वाडा केला. त्या वाड्यात दया नव्हती. एखादी गाय एक वर्ष भाकड राहिली की तिला दुसरं वर्ष मिळायचं नाही. आठवड्याच्या आत तिचं मांस आमच्या सगळ्यांच्या मडक्यांत शिजायचं. माणसावर शिंग उगारणारीही कापली जायची.

"अगं, ती चांगली दुधाची आहे," मी एकदा म्हटलं.

"भांडायला मी आहे ना घरात," ती म्हणाली. "गायीनं कशाला भांडायचं?"

तिचा नवरा वारला तेव्हा माझ्या नवऱ्यानं, फालाखेनं, रीतीप्रमाणे भावाच्या विधवेला आपल्या घरात घ्यायचा निरोप पाठवला. निरोप नेणारा माणूस आंबलेल्या दुधाची वाटी अर्धी टाकून परत आला. तिनं त्याला सांगितलं होतं, "भावोजींना म्हणावं, त्यांना मी हवी आहे की माझ्या गायी? गायी हव्या असतील तर त्यांनाच मागणी घाला." मला त्या दिवसापासून ही बाई आवडायला लागली. फालाखेला ती आवडेनाशी झाली, हे सांगायला नको.

पुढे लिलावाच्या जागी मोठे ट्रक यायला लागले. खरेदी करणारे काट्यावर वजन बघायचे, आमची ठिपक्याठिपक्यांची गुरं बघून म्हणायचे, "ही काय, शेळ्या आणल्यात?" सरकारी माणूस दर खेपेला सांगायचा की ही गुरं भंगार आहेत, मोठं रक्त आणा, म्हणजे बाहेरची मोठी जात. पुरुषांना ते लागलं. स्वतःच्या बायकोला कुणी नावं ठेवली असती तर इतकं लागलं नसतं. फालाखेनं आणखी दोघांना बरोबर घेऊन एक वळू आणला. तांबडा, लोंबत्या कानांचा, दोन माणसं बसतील एवढं वशिंड. गावभर मिरवणूक काढल्यासारखा फिरवला. ज्वारीची दारू झाली. मीच गाळली ती, हाताला फोड येईपर्यंत.

ह्लेकीवे कुंपणाशी उभी राहून बघत होती.

"काय वहिनी," फालाखे ओरडला, "कसा आहे?"

"देखणा आहे," ती म्हणाली. "खातो काय?"

"जे घालू ते खाईल!"

"आणि तुम्ही घालायचं बंद केलंत की?"

पुरुष हसले. तिच्यावर हसायची सवयच होती त्यांना.

तिचा स्वतःचा वळू होता इन्सिंगिझी. काळा कुळकुळीत, पण पाऊल टाकलं की पोटाखालचं पांढरं लखकन दिसायचं, जसं धनेश पक्षी उडाला की पंखाखालचं दिसतं. त्या पक्ष्याचंच नाव त्याला दिलेलं. पाच पिढ्यांच्या गायी तिनं पारखल्या तेव्हा कुठे तो जन्मला. उंचीला त्या तांबड्याच्या खांद्यालाही लागायचा नाही. पण चराई सगळ्या गावाची एकच. गाय माजावर आली की तांबडा सावलीतून उठेपर्यंत इन्सिंगिझी डोंगर उतरून हजर. एकदा दोघं समोरासमोर आले. तांबड्यानं मान खाली घातली, आणि इन्सिंगिझी बाजूनं शिरून असा काही धडकला की तो धिप्पाड प्राणी शेपूट वर करून पळाला, ते थेट शाळेच्या आवारात. पोरं खिडकीतून टाळ्या वाजवत होती.

पुढच्या वेताला फालाखेच्या गायींना वासरं झाली ती बहुतेक काळी, पोटाखाली पांढरी.

तेव्हापासून नवरा घरात जेवताना बोलेना. दारूच्या मडक्याभोवती लोक त्याला विचारायचे, "फालाखे, त्या तांबड्याला काय शोभेला आणलंय?" मला वाटलं, चार दिवसांनी राग जाईल. पुरुषाचा राग जात नाही, तो फक्त जागा बदलतो.

ह्लेकीवेची धाकटी मुलगी बाळंत व्हायची होती, म्हणून ती तिच्या गावी गेली. गुरं तिनं जावई जाभिसाच्या हवाली केली. त्याच आठवड्यात गुरांना गोचिडीच्या औषधात बुडवायचा दिवस होता. सगळी गुरं त्या दिवशी हौदावर येतात, नेली नाहीत तर दंड. मी मक्याच्या शेतात होते. जाभिसानं नंतर सांगितलं ते असं: फालाखे सरकारी माणसाच्या कानाशी लागून काहीतरी बोलला. मग दोघांनी इन्सिंगिझीला हौदाकडच्या कुंपणाच्या अरुंद गल्लीत अडकवलं. जाभिसा धावला, तर फालाखे म्हणाला, "भावामागे आता मी घरातला थोरला आहे. तू जावई, तू पाहुणा. गप्प राहा." सरकारी माणसानं मोठा चिमटा आणला. भंगार वळू म्हणून बडवून त्याचा बैल करायला धनी राजी आहे का, असं विचारलं. माझा नवरा म्हणाला, "राजी आहे."

चिमट्यानं रक्त निघत नाही. एकदा या बाजूला, एकदा त्या बाजूला दाबला, की झालं. पाच पिढ्या गेल्या.

ह्लेकीवे परतली ती नातवाच्या आनंदात गाणं म्हणत चढण चढत होती. वाड्याशी आली, इन्सिंगिझीची चाल बघितली आणि गाणं तुटलं. तिनं वाकून हात घातला. नंतर जी उभी राहिली, ती काही वेळ कुणाकडे बघेचना. जाभिसा रडत सगळं सांगत होता. ती ओरडली नाही, छाती बडवली नाही. ती सरळ आमच्या दारात आली. फालाखे मक्याचा गोळा आंबट दुधात कुस्करत बसला होता.

"भावोजी, जेवा," ती म्हणाली. "पोटभर जेवा. उद्या इंदुनांपुढे उभं राहायचंय."

इंदुना म्हणजे आमच्या गावचा न्याय करणारा प्रमुख. त्याच्या झाडाखाली पुरुष बाकांवर बसतात, बाया जमिनीवर. ह्लेकीवे जमिनीवर बसली. इंदुनांनी विचारलं, "मा-न्यावो, तुझ्या वतीनं कोण बोलणार?"

"माझं तोंड शाबूत आहे," ती म्हणाली. "फक्त वळूचं गेलंय ते गेलंय."

मागून कुणीतरी फिसकलं. इंदुनांनी डोळे वटारले.

फालाखेनं सांगितलं की तो घरचा थोरला आहे, वळू गावाच्या सुधारणेच्या आड येत होता, आणि बाईमाणसाला गुरांतलं काय कळतं.

"इंगकुथूची गाय कुणाची असते?" ह्लेकीवेनं विचारलं. "सांगा ना. इथे इतके बाप बसलेत. सगळ्यांनी आपापल्या सासूला दिलीय."

ती बाकांवरचा एकेक चेहरा बघत गेली.

"गाय माझी, तर तिच्या पोटचा वळूही माझा. मग माझ्या वस्तूवर माझा दीर 'राजी आहे' कसं म्हणतो? उद्या माझ्यावरही म्हणेल."

इंदुनांना निवाडा द्यावाच लागला. फालाखेनं भरपाई म्हणून आपल्या कळपातली एक मोठ्या रक्ताची गाभण गाय तिला द्यावी.

"मला गाय नको," ती म्हणाली. "त्यानं वळू मोडलाय. तसाच वळू शोधून आणावा. पायी."

"मा-न्यावो, एवढी मोठी गाय मिळतेय," इंदुना म्हणाले, "तुझ्या दोन गायींएवढी आहे. घे आणि राग सोड."

तिनं फालाखेकडे एकदा बघितलं. मग म्हणाली, "बरं. घेते. माझी झाली ना ती? माझ्या मर्जीनं वागवीन?"

"तुझीच."

फालाखेनं दुसऱ्या दिवशी सकाळी गाय आणून दिली. दुपार व्हायच्या आत ह्लेकीवेनं जाभिसाला भाला घ्यायला सांगितलं. मी धावत गेले. "अगं वेडी झालीस का? पोटात वासरू आहे तिच्या!"

"म्हणूनच," ती म्हणाली. तिचा चेहरा मला बघवेना. "त्या तांबड्याचं आहे ते. याच्या रक्ताचा एक थेंब माझ्या वाड्यात येणार नाही. बाजूला हो."

आणि ती गाय पडली. सगळं गाव मांसाला आलं, आणि आलेल्यांची मान वर होत नव्हती. गाभण गाय कापणं आमच्यात कुणी करत नाही. मलाही ते पटलं नाही, आजही पटत नाही. कातडं मात्र मीच सोललं. डोकं रीतीप्रमाणे पुरुषांचं असतं. ते शिजलं तेव्हा ह्लेकीवेनं लाकडी थाळा स्वतः उचलला आणि फालाखेपुढे नेऊन ठेवला.

"घ्या भावोजी, डोकं. तुमचा हक्कच आहे. शिवाय गरजही आहे."

या वेळी लोक हसले ते तिच्यावर नाही.

पण हसून गायी फळत नाहीत. इन्सिंगिझी बैल झाला, बिनचाकी लाकडी घसरगाडी ओढायला लागला. आता तिची प्रत्येक गाय माजावर आली की तांबडा वाट बघत उभा. ती हातात काठी घेऊन दिवसभर कळपात उभी राहायची, त्याच्या नाकाडावर हाणायची. असं किती दिवस चालणार? एका सकाळी तिचा वाडा रिकामा दिसला. सगळी गुरं घेऊन ती माहेरच्या वाटेला लागली होती. गुरं दुसरीकडे न्यायला सरकारी परवाना लागतो, तो तिनं कुणाला विचारला नाही. फालाखे म्हणाला, "गेली! मायेनींचं नाव टाकून गेली!" त्याला खरं तर बरं वाटलं असावं.

माहेरी तरी काय? तिच्या पाठीवर झालेल्या भावांनी बहिणीला बघून आधी आनंद केला, मग त्यांचीही गुरं मोठ्या रक्तानं बाटलेली निघाली. तिनं त्यांच्या अंगणात उभं राहून त्यांना त्यांच्या बापाच्या नावानं झाडलं. मग डोंगराच्या पार टोकाला राहणाऱ्या म्बेकवा नावाच्या म्हाताऱ्याकडे गेली. त्यानं हौदाचा रस्ता जन्मात बघितला नव्हता. सरकारी माणूस आला की गुरं दरीत उतरवायचा. तोही तिच्याइतकाच तिरसट. म्हणाला, "बायकांना मी गुरं दाखवत नाही."

"मग मी तुला दाखवते," ती म्हणाली, आणि आपल्या गायी त्याच्या दारावरून हळूहळू चालवत नेल्या.

म्हातारा बराच वेळ बघत राहिला. मग उठून त्यानं आपल्या वाड्याचं फाटक उघडलं.

ती सगळा हिवाळा तिथे राहिली. म्हाताऱ्याचं जेवण रांधलं, त्याच्याशी रोज भांडली. परत आली तेव्हा गायी गाभण होत्या, आणि मागे एक तांबूस-पांढरा, पाखरांच्या अंड्यासारखा ठिपक्यांचा गोऱ्हा चालत होता. त्याच्या बदल्यात तिच्या दोन उत्तम कालवडी डोंगरावर राहिल्या. येताना ती हौदाकडे बघून थुंकली, असं बघणारे सांगतात. या वेळी तिनं बुडवायच्या दिवशी कुणालाही पाठवलं नाही. स्वतः गेली आणि गोऱ्ह्याच्या मानेवर हात ठेवून, सरकारी माणसाच्या डोळ्याला डोळा भिडवून उभी राहिली.

मग ते दुष्काळाचं साल आलं. पोंगोला नदीचं पात्र आटून डबकी राहिली. गवत नावाला उरलं नाही. तांबडा वळू दाण्याची वाट बघत गोठ्याशी हंबरायचा, आणि दाणा माणसांनाच नव्हता. शेवटी पाण्याला गेला तो चिखलात रुतला. फालाखे आणि इतर दोरखंड लावून दिवसभर ओढत होते. तो तिथेच मेला. आमच्या मोठ्या रक्ताच्या गायी एकामागून एक बसल्या त्या उठल्या नाहीत. मी त्यांची कातडी वाळत घातली. कुंपणावर जागा उरली नव्हती.

ह्लेकीवेची गुरं बाभळीच्या शेंगा खायची, काट्यांतून पानं ओरबाडायची, पहाटे डबक्याला जाऊन डोंगरावर परत चढायची. तिचीही काही मेली. हाडं दिसायची सगळ्यांची. पण उरलेल्या गायी त्या सालीही व्याल्या. मला वाटलं होतं, आता तरी ती समाधानानं हसेल. ती मेलेल्या गुरांमधून फिरताना शिव्या देत होती. "या बिचाऱ्यांचा काय दोष?" म्हणायची. "यांना इथे आणलं कुणी? त्या गाढवांना बांधा डबक्याशी!"

पाऊस पडला. ज्याच्याकडे दोन-चार गायी वाचल्या होत्या, त्याला वळू हवा होता. वळू एकच उरला होता, ह्लेकीवेचा तो ठिपक्यांचा. पुरुष एकेक करून तिच्या कुंपणाशी टोप्या हातात धरून यायला लागले. तिनं सगळ्यांना एकच सांगितलं, "तुझी बायको कुठाय? तिला पाठव. ती मागेल तर देईन. आणि पहिली कालवड होईल ती तिच्या नावाची. चार माणसांसमोर तसं बोलायचं."

गावात जणू आग लागली. बाकांवरून पुरुष उठले, "ही बाई आमची घरं फोडणार" म्हणाले. इंदुनांकडे गेले. इंदुना म्हणाले, "वळू तिचा. मी कसा 'राजी आहे' म्हणू?" त्यांनाही स्वतःच्या गायी फळवायच्या होत्या.

फालाखे येणार नव्हता. त्याला तोंड नव्हतं. एके दिवशी त्यानं माझ्याकडे न बघता म्हटलं, "तू जा. तुझी जाऊ आहे."

मी गेले. ह्लेकीवे वासराच्या कानातली गोचीड काढत बसली होती.

"जाऊबाई, वळू मागायला आले."

"कुणासाठी?"

"आमच्या दोन गायी—"

"कुणाच्या?"

मग मला राग आला. तिचा नाही. एवढी वर्षं गुरांचं शेण काढलं, कातडी सोलली, दारू गाळली, आणि या घरातलं एक शेपूटही माझं नाही याचा राग आला.

"माझ्यासाठी," मी म्हटलं. "मला कालवड पाहिजे."

"हं," ती म्हणाली. "आता बोललीस." आणि वासरू सोडून उठली.

बऱ्याच वर्षांनी एक गोरा शेतकरी मोठ्या गाडीतून आला. जुनी जात वाचवायची आहे, काही गायी आणि एक वळू द्या, म्हणाला. आमची गुरं भंगार ठरवणारं सरकारही गोऱ्यांचंच होतं. हा माणूस मात्र नम्र होता. गायी बघताना त्यानं टोपी काढली. ह्लेकीवेनं त्याला विचारलं, "चिमटा कुणाचा होता?" तो गोंधळला. त्या काळी तो शाळेत असेल. तिनं त्याला पाणीसुद्धा न देता घालवलं. मला वाटतं तिथे तिचं चुकलं. तिची गुरं आणखी पसरली असती. मी तसं म्हटलं तर महिनाभर माझ्याशी बोलली नाही. फालाखेशी तर ती मरेपर्यंत बोलली नाही, आणि तोही कधी माफ करा म्हणाला नाही.

माझ्या त्या पहिल्या कालवडीला आता नाती-पणती आहेत. आज गावात बावीस बायकांची स्वतःची गुरं आहेत, आणि मयताला भाषण करणाऱ्यांपैकी एकानंही ते सांगितलं नाही. परवा फालाखे म्हणाला, पाहुणे यायचेत, तुझी ती ठिपक्यांची गाय कापू. भाकड नाही, म्हातारी नाही, पुढच्या महिन्यात विणार आहे. मी चुलीतलं लाकूड काढून हातात घेतलं आणि त्याला म्हटलं, "पाहुण्यांना भुईमुगाच्या शेंगा उकडून घाल. माझ्या वाड्याकडे वळलास तर बघ."

तो वळला नाही. पाहुण्यांनी शेंगा खाल्ल्या.